आधी कोण बघणार?

१९९८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘इमेजचेकर’ नावाच्या यंत्रणेला परवानगी दिली. तिचं काम एकच. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, चाळायचा आणि जिथे काही संशयास्पद वाटेल तिथे खूण करायची. वापरायची रीतही ठरवून दिलेली होती. रेडिओलॉजिस्टने आधी आपल्या डोळ्यांनी फिल्म बघायची, मत बनवायचं, मग यंत्राच्या खुणा उघडायच्या आणि नजरेतून काही निसटलं असेल तर धरायचं. कागदावर यात खोट काढायला जागा नव्हती. दिवसभर फिल्म बघून माणूस थकतो, यंत्र थकत नाही. यंत्र भलतीकडेच बोट दाखवायला लागलं तर माणूस त्याला आवरतो. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याने या जादा नजरेचे वेगळे पैसे द्यायला सुरुवात केली आणि दहाएक वर्षांत तिथल्या बहुतांश मॅमोग्राफी यंत्राखालून जाऊ लागल्या.

मग हिशेब बाहेर आले. २००७ साली जोशुआ फेंटन आणि सहकाऱ्यांनी ४३ केंद्रांमधल्या २,२२,१३५ स्त्रियांच्या तपासण्यांचा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापला. जिथे यंत्र आलं तिथे बायोप्सीचं प्रमाण १९.७ टक्क्यांनी वाढलं होतं. धडधाकट बायकांना ‘पुन्हा या, जरा शंका आहे’ असं सांगण्याचं प्रमाणही वाढलं होतं. त्या बदल्यात कॅन्सर जास्त सापडल्याचा भक्कम पुरावा मात्र नव्हता. २०१५ साली कॉन्स्टन्स लेहमन यांच्या गटाने तीन लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या आणि यंत्राचा काहीही फायदा दिसत नाही असा निष्कर्ष काढला. त्यातला एक तपशील जास्त बोचरा होता. काही रेडिओलॉजिस्ट कधी यंत्रासह, कधी यंत्राविना काम करत होते. यंत्र सोबत असताना त्यांच्या हातून कॅन्सर जास्त सुटत होते.

असं का झालं असावं याचा अंदाज करणं अवघड नाही. तपासणीला आलेल्या हजार बायकांत पाच-सहा जणींना कॅन्सर असतो आणि यंत्राच्या खुणा मात्र बहुतेक प्रत्येकीच्या फिल्मवर. सकाळपासून शेकडो वेळा ‘लांडगा आला’ ऐकल्यावर संध्याकाळी खरा लांडगा आला तरी मान वळत नाही. आणि जिथे खूण नाही तिथे मन आपसूक सैलावतं.

आता हेच काम, हाच अवयव, पण वीस-बावीस वर्षांनंतर आणि स्वीडनमध्ये.

युरोपात अनेक देशांत प्रत्येक मॅमोग्राफी दोन रेडिओलॉजिस्ट बघतात. पद्धत चांगली आहे, पण माणसं अपुरी आहेत. एप्रिल २०२१ मध्ये दक्षिण स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठाच्या क्रिस्टिना लाँग यांच्या नेतृत्वाखाली ‘मासाई’ नावाची चाचणी सुरू झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी स्त्रियांची दोन गटांत वाटणी झाली. एका गटाच्या फिल्म नेहमीसारख्या दोन-दोन डॉक्टरांकडे गेल्या. दुसऱ्या गटाच्या फिल्म आधी सॉफ्टवेअरकडे गेल्या. त्याने प्रत्येकीला १ ते १० असा जोखमीचा आकडा दिला. १ ते ९ वाल्या एकाच डॉक्टरकडे, १० वाल्या दोघांकडे. संशयाच्या जागेवरच्या खुणा फक्त ८ ते १० आकडेवाल्यांवर दाखवायच्या, बाकीच्यांवर नाहीत.

पहिल्या ८०,०३३ स्त्रियांचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. डॉक्टरांच्या वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं होतं. पुढे एक लाखाहून जास्त स्त्रियांचा हिशेब पूर्ण झाला तेव्हा कळलं की यंत्राच्या गटात हजारी ६.४ कॅन्सर सापडले, नेहमीच्या गटात ५. उगाच परत बोलावलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच. लवकर सापडणारे कॅन्सर निरुपद्रवीही असू शकतात, हा अशा आकड्यांवरचा जुना आक्षेप. म्हणून खरी कसोटी वेगळी होती. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात गाठ लागून उघडकीला येणारे कॅन्सर, म्हणजे मागच्या वेळी सुटलेले किंवा झपाट्याने वाढलेले, किती? २०२६च्या जानेवारीत तेही प्रसिद्ध झालं. यंत्राच्या गटात हजारी १.५५, दुसऱ्यात १.७६. या फरकावरून घट झाली असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. वाढ झाली नाही एवढं म्हणता येतं, आणि निम्म्याच्या जवळपास काम वाचवून हे साधलं असेल तर ते थोडं नाही.

अमेरिकेत फसलेलं स्वीडनमध्ये का जमलं? यंत्र सुधारलं, हे उत्तर खरं आहे पण अर्धं. जुनं यंत्र अभियंत्यांनी हाताने लिहिलेल्या ठोकताळ्यांवर बराच भर टाकत होतं, नवं लाखो फिल्म बघून शिकलेलं आहे. तरी माझ्या मते उरलेलं अर्धं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे, आणि त्याची चर्चा कमी होते. अमेरिकेत यंत्र प्रत्येक फिल्मवर, प्रत्येक डॉक्टरच्या कानाशी लागून बोलत होतं. स्वीडनमध्ये त्याला आधी रांग लावायचं काम दिलं. कोणाकडे एकाने बघायचं, कोणाकडे दोघांनी, हे त्याने सुचवायचं आणि खुणा मोजक्याच फिल्मवर दाखवायच्या. माणसाचं लक्ष ही मोजकी गोष्ट आहे हे मान्य करून ते कुठे खर्च करायचं याची ती वाटणी होती.

जर्मनीतल्या ‘प्रेम’ अभ्यासात वाटणी आणखी निराळी होती. (नाव मराठी कानाला गोड वाटलं तरी ते अभ्यासाच्या लांबलचक शीर्षकाची आद्याक्षरं आहेत.) १२ केंद्रं, ११९ रेडिओलॉजिस्ट, ४,६३,०९४ स्त्रिया. सॉफ्टवेअर दोन कामं करत होतं. ज्या फिल्म त्याला स्पष्टपणे निर्दोष वाटत त्यांवर ते तसा शिक्का मारून ठेवी. आणि ज्या फार संशयास्पद वाटत त्यांबद्दल ते गप्प बसे. डॉक्टरने फिल्म बघून ‘काही नाही’ असं नोंदवलं, की मगच ते हरकत घेई: इथे पुन्हा बघा.

हे ‘मगच’ फार मोलाचं आहे. डॉक्टरचं मत आधीच नोंदलं गेलेलं असतं, त्यामुळे यंत्राच्या सूचनेने ते घडतही नाही आणि बिघडतही नाही. संशयाबद्दल यंत्र बोलतं ते फक्त मतभेद असेल तेव्हा. अशा हरकती ३,९५९ वेळा आल्या. डॉक्टरांनी त्यातल्या १,०७७ मान्य केल्या, बाकीच्या फेटाळल्या. मान्य केलेल्यांतून २०४ कॅन्सर निघाले. म्हणजे दर १९-२० हरकतींमागे एक. लांडग्याच्या आरोळीला हे प्रमाण मिळालं तर माणूस मान वळवतो.

उलटा हिशेबही त्याच अभ्यासात आहे आणि तो यंत्राच्या भक्तांनी वाचण्यासारखा आहे. यंत्राने निर्दोष ठरवलेल्या ८,०३२ फिल्मबद्दल डॉक्टरांना तरीही शंका आली आणि त्यांनी त्या पुढच्या चर्चेसाठी पाठवल्या. त्यातून २० कॅन्सर सापडले. चारशे शंकांमागे एक. हिशेबनीस म्हणेल, इतक्या शंकांवर वेळ कशाला घालवायचा? त्या वीस बायकांपैकी एखादी आपल्या घरातली असेल तर उत्तर वेगळं येईल. अर्थात या अभ्यासात चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या, यंत्र वापरायचं की नाही हे डॉक्टर स्वतः ठरवत होते, त्यामुळे स्वीडनच्या चाचणीइतका तो काटेकोर नाही. तरी यंत्र वापरलेल्या गटात हजारी ६.७ कॅन्सर सापडले आणि न वापरलेल्या गटात ५.७, हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

क्रम इतका महत्त्वाचा का, हे एका जर्मन प्रयोगाने २०२३ साली उघडं पाडलं. २७ रेडिओलॉजिस्टना ५० मॅमोग्राफी दिल्या आणि सांगितलं की सोबत एआयचं मत आहे. खरं तर ते मत प्रयोग करणाऱ्यांनीच लिहून ठेवलेलं होतं, काही ठिकाणी मुद्दाम चुकीचं. मत बरोबर असताना नवखे, मध्यम आणि मुरलेले असे सगळेच डॉक्टर ८० टक्क्यांच्या आसपास बरोबर होते. मत चुकीचं असताना नवखे २० टक्क्यांवर आले, मध्यम अनुभवाचे २५ वर. आणि ज्यांनी उभी हयात फिल्म बघण्यात घालवली तेही ४५ वर. हे लोक आळशी नव्हते आणि आपण एका अभ्यासात भाग घेत आहोत हे त्यांना ठाऊक होतं. तरीही समोर तयार उत्तर असलं की डोळे तेच उत्तर शोधायला लागतात.

म्हणून ‘अंतिम निर्णय माणसाचाच राहील’ हे वाक्य मला फार तोकडं वाटतं. सरकारी धोरणांत, कंपन्यांच्या पत्रकांत ते हमखास असतं आणि ते वाचून सगळे निश्चिंत होतात. त्या प्रयोगातही अंतिम निर्णय माणसाचाच होता. सही त्याची, मत मात्र आधीच दुसऱ्याने घडवलेलं. एमआयटीतल्या मिशेल व्हकारो, अब्दुल्ला अलमातूक आणि थॉमस मॅलोन यांनी २०२४ साली अशा १०६ प्रयोगांचा एकत्र ताळा मांडला. सरासरीने पाहता माणूस आणि यंत्र यांची जोडी, दोघांपैकी जो एकटा सरस असेल त्याच्यापेक्षा कमीच पडते. त्यातही मेख अशी की जिथे माणूस एकटाही यंत्रापेक्षा सरस होता तिथे जोडीचा फायदा झाला. जिथे यंत्र सरस होतं तिथे माणसाच्या ढवळाढवळीने नुकसान झालं. ज्याला विषय येतो त्याला यंत्राचं कुठे ऐकायचं हेही कळतं. ज्याला येत नाही तो नको तिथे ऐकतो आणि नको तिथे अडतो.

या सगळ्याच्या कितीतरी आधी, १९७०च्या आसपास, इंग्लंडमधल्या लीड्स शहरात टिम डी डोंबाल नावाच्या सर्जनने हाच खेळ मांडला होता. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त शिकवणारी वाटते.

पोटात अचानक उठलेली कळ. कुठल्याही कॅज्युअल्टीत रात्री येणारा हा नेहमीचा रुग्ण, आणि समोर बहुधा नुकताच पास झालेला डॉक्टर. अपेंडिक्स आहे का? असेल आणि थांबलो, तर ते फुटेल. नसेल आणि पोट उघडलं, तर माणसाला विनाकारण कापलं. डी डोंबाल यांनी एक छापील तक्ता केला. दुखणं कुठे सुरू झालं, आता कुठे आहे, उलटी झाली का, भूक आहे का, दाबल्यावर दुखतं की हात सोडल्यावर. डॉक्टरने विचारून, तपासून तो भरायचा आणि मजकूर विद्यापीठाच्या कॉम्प्युटरकडे पाठवायचा. कॉम्प्युटर जुन्या रुग्णांच्या नोंदींवरून बेझच्या सूत्राने सात संभाव्य निदानांची शक्यता सांगायचा. ३०४ रुग्णांत त्याचं निदान ९१.८ टक्के वेळा बरोबर निघालं. रुग्णाला तपासणाऱ्या सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरचं ७९.६ टक्के वेळा. १९७२ साली हा निबंध छापून आला आणि ‘यंत्राने डॉक्टरला हरवलं’ एवढंच जगाच्या लक्षात राहिलं.

दोन वर्षांनी त्याच गटाने दुसरा निबंध लिहिला, तो फार कमी जणांच्या लक्षात आहे. त्यात त्यांनी यंत्राला बाजूला ठेवून डॉक्टरांकडे पाहिलं. चाचणी चालू असताना डॉक्टरांचंच काम सुधारलं होतं. ऑपरेशनच्या आधीच अपेंडिक्स फुटण्याचं प्रमाण ३६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं होतं, आणि पोट उघडून काहीच न सापडण्याचे प्रकारही झपाट्याने कमी झाले होते. ऑगस्ट १९७२ मध्ये चाचणी संपली. आकडे पुन्हा जुन्या पातळीकडे सरकले.

लीड्सच्या गटाने त्याचं कारण असं सुचवलं की यंत्राचं उत्तर तर उपयोगी होतंच, पण यंत्राशी बोलण्यासाठी जी शिस्त पाळावी लागत होती आणि आपलं निदान बरोबर आलं की चूक हे जे सतत कळत होतं, त्याने डॉक्टर सुधारले असावेत. तक्त्यात रकाना आहे म्हणून प्रश्न विचारावाच लागे. एरवी रात्री तीन वाजता तो राहून गेला असता. आणि यंत्राने कुणाच्या पोटाला हात लावला नव्हता. त्याला जे काही कळत होतं ते त्या नवख्या डॉक्टरच्या बोटांमधून. पुढे ब्रिटनमधल्या आठ केंद्रांत १६,७३७ रुग्णांवर हाच प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष १९८६ साली आले आणि पहिल्या निदानाची अचूकता ४५.६ टक्क्यांवरून ६५.३ वर गेलेली दिसली. इतकं होऊनही ही पद्धत सगळीकडे रुजली नाही. रात्रपाळीत कुणाला तक्ते भरायला आवडतं?

आकडे जुन्या पातळीकडे सरकले, हे वाक्य लक्षात ठेवून पोलंडचं पाहू. कोलोनोस्कोपी करताना आतड्यातल्या संशयास्पद गाठी पडद्यावर दाखवणारं एआय तिथल्या चार केंद्रांत आलं. त्यानंतर त्याच अनुभवी डॉक्टरांनी एआयविना केलेल्या तपासण्या पाहिल्या, तर गाठ सापडण्याचं प्रमाण पूर्वीच्या २८.४ टक्क्यांवरून २२.४ वर उतरलं होतं. हा अभ्यास २०२५ मध्ये आला. अभ्यास लहान आहे, कारणं दुसरीही असू शकतात, एवढ्यावरून डॉक्टरांचा हात बिघडला असं ठामपणे म्हणू नये. पण लीड्समध्ये यंत्र गेल्यावर माणसं होती त्या दिशेने परतली, आणि इथे होती त्याच्याही खाली गेलेली दिसतात. लीड्सचं यंत्र आधी माणसाला बघायला लावत होतं. पोलंडचं यंत्र माणसाच्या आधी बघत होतं. दोन्ही अनुभवांतला फरक मला तरी या एका जागी सापडतो.

आपल्याकडे हा प्रश्न मॅमोग्राफीच्या वाटेने फारसा येत नाही, कारण ठरावीक वयाच्या सगळ्या बायकांना बोलावून मॅमोग्राफी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रमच इथे नाही. ज्या १९९८ साली अमेरिकेत इमेजचेकरला परवानगी मिळाली, त्याच साली टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईत वेगळाच प्रयोग सुरू केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी बायकांची स्तनतपासणी हाताने करायची. १,५१,५३८ स्त्रिया, वीस वर्षं. ५० आणि त्यापुढच्या वयाच्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात फरक दिसला नाही. महागडं यंत्र आणण्याआधी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवलेला बरा.

आपला खरा प्रश्न छातीच्या फोटोचा आहे. २०१९ ते २१ या काळात झालेल्या देशव्यापी क्षयरोग सर्वेक्षणात दिसलं की छातीचा एक्स-रे काढला नसता तर ४२.६ टक्के रुग्ण हाती लागलेच नसते. त्यांना सर्वेक्षणात विचारली जाणारी लक्षणंच नव्हती. फोटो काढणं आता सोपं झालं आहे, हातात धरायचं एक्स-रे यंत्र पिशवीत घालून पाड्यावर नेता येतं. पण तो वाचणार कोण? तालुक्याला रेडिओलॉजिस्ट मिळत नाही. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षं आणि त्यापुढच्या व्यक्तींच्या क्षय तपासणीत हे वाचन माणसाऐवजी सॉफ्टवेअरने केलं तरी चालेल असं सांगितलं. मुंबईतल्या क्युअर डॉट एआयसारख्या कंपन्यांची सॉफ्टवेअर देशात आणि देशाबाहेर हे काम करतात.

इथे यंत्र ‘टीबी आहे’ असं म्हणत नाही. ते एक आकडा देतं, समजा ० ते १०० मधला. एका ठरलेल्या रेघेच्या वर असेल त्याची थुंकी तपासायची, खाली असेल त्याने घरी जायचं. ती रेघ, सगळे जिला कट-ऑफ म्हणतात, यंत्र ठरवत नाही, माणूस ठरवतो, आणि या सगळ्या साखळीतला सर्वांत मोठा निर्णय तोच आहे. समजा शिबिरात ३०० फोटो निघाले आणि थुंकीतला टीबी शोधणाऱ्या ट्रूनॅट यंत्राच्या चिप फक्त ३० आहेत. (हे ट्रूनॅट गोव्याच्या मोलबायो कंपनीचं, बॅटरीवर चालणारं.) रेघ ५० वर ठेवली तर कदाचित साठ संशयित निघतील, म्हणून ती वर सरकते, तीस उरेपर्यंत. विज्ञानाने ठरवायची गोष्ट मग साठ्याच्या वहीने ठरते. यात मला गैर वाटत नाही, साधनं मोजकी असली की असंच होतं. गैर हे की बहुतेकदा रेघ कंपनीने दिलेल्या मूळ आकड्यावरच राहते आणि ती आपण ठरवली आहे याची कुणाला जाणीवही नसते. जागतिक आरोग्य संघटनेने ही रेघ स्थानिक लोकांच्या नोंदींवरून कशी बसवायची याची वेगळी पुस्तिकाच काढली आहे. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की त्याच फोटोला वेगळा आकडा मिळू शकतो, तेव्हा रेघ पुन्हा बसवावी लागते.

शिवाय ज्याला पूर्वी टीबी होऊन गेला त्याच्या फुप्फुसात व्रण राहतात आणि यंत्राला ते जुने आहेत हे नीट ओळखता येत नाही. आशाताईंना ते ठाऊक असतं, कोणी कधी गोळ्या घेतल्या होत्या ते. उलट ज्याचा आकडा २० आला पण दोन आठवडे खोकला आहे, वजन उतरलं आहे, त्याला थुंकी तपासल्याशिवाय घरी पाठवणं चूकच. म्हणून खोकल्याचा, तापाचा, जुन्या औषधांचा प्रश्न फोटोच्या आधी विचारून नोंदवायला हवा. आकडा कळल्यावर विचारलं तर ‘थोडाफार खोकला असणारच’ आणि ‘अहो, खोकला काही विशेष नाही’ यांतलं काय लिहिलं जाईल हे त्या २७ रेडिओलॉजिस्टनी दाखवून दिलेलं आहे.

एक काम मात्र कोणी आनंदाने करणार नाही. रेघेच्या खाली राहिलेल्यांपैकी काही जणांची, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या, थुंकी तपासायची. तसं केल्याशिवाय यंत्राच्या हातून काय सुटतं ते कधीच कळणार नाही, कारण घरी पाठवलेला माणूस सहा महिन्यांनी दुसऱ्याच दवाखान्यात खोकत गेला तर ती बातमी या शिबिराच्या वहीत येत नाही. पण तीसपैकी पाच चिप ‘निरोगी’ म्हणून सोडलेल्या लोकांवर खर्च करा, असं तालुका आरोग्य अधिकाऱ्याला सांगून बघा. त्याच्या महिन्याच्या अहवालात किती रुग्ण शोधले याला रकाना आहे, किती सुटले याला नाही.